पिओनी आमच्याकडं फुलत नाही, हे पण छापत जा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मागं पिओनीच्या फुलाचा फोटो आला होता, पानकोबीएवढं गुलाबी फूल, तो कापून आमच्या फ्रिजला चिकटवलेला आहे अजून. फोटोबद्दल तक्रार नाही, फोटो भारीच होता. पण खाली एक ओळ पाहिजे होती की हे झाड कोणत्या मुलखात येते, त्या एका ओळीपायी आमचे नऊशे रुपये गेले.

झालं असं की फोटो पाहून बायकोनं दिवाळीत ऑनलाइन तीन कंद मागवले. सुकलेल्या रताळ्यासारखे, वरून लालसर डोळे. हळदीचं बेणं दाबतो तसे तिनं चार बोटं खोल दाबले, दोन सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या जागेत, न्हाणीचं पाणी जाते तिथं आणि एक कुंडीत. नंतर वाचलं तर डोळे दोन इंचाच्या खाली गेले की नुसती पानं येतात, फूल नाही, आणि साचलेलं पाणी तर ह्याला बिलकुल चालत नाही. आपली काळी माती कशी असते ते मी सांगायला नको, दोन्ही कंद चिभडून सडले, उकरून पाहिले तर बोटानं दबत होते.

कुंडीतला तिसरा मात्र जानेवारीत उगवला. लाल कोंब निघाला, मग वीतभर पानं आली, घरात काय आनंद! कोण्या व्हिडिओत सांगितलं होतं की ह्याला थंडी लागते, तर बायको रोज रात्री फ्रिजमधला बर्फ कुंडीवर टाकू लागली. शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं भिंतीवरून विचारलं, "काय वं, झाडाले ताप आला का?"

थंडी लागते हे खरंच आहे, पण किती लागते ते कोणी सांगत नाही. जातीनुसार पाचशे ते हजार तास, पारा ४-५ डिग्रीच्या खाली, तेव्हा कुठं कंदातली कळी जागी होते. आपल्याकडं डिसेंबरात रात्री १० डिग्री झालं की आपण शेकोटी पेटवतो आणि दुपारी २८ मध्ये कापूस वेचतो. तेवढ्यानं काय होते! चीनमध्ये लोयांग शहरात ह्याच फुलाच्या झुडपी जातीचा मोठा मेळा एप्रिलमध्ये भरते, आपल्या एप्रिलमध्ये पारा ४२ वर असते. भारतात पण पिओनी आहे बरं का, काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडच्या डोंगरात रानात पांढरी फुलते, आणि युनानी औषधात ऊद-सलीब नावाची मुळी असते ती ह्याच कुळातली. म्हणजे झाड खोटं नाही, पत्ता चुकला.

होळीपर्यंत पानं पापडासारखी कुरकुरीत झाली. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे तीन वर्षं धीर धरा, पिओनीला वेळ लागतो. आता गंमत पहा, हे पण खरंच आहे, थंड मुलखात सुद्धा कंद लावल्यावर भरभरून फुलायला दोन-तीन वर्षं लागतात, मग म्हणे पन्नास-पन्नास वर्षं फुलते. पण माल वापस करायची मुदत सात दिवस! सात दिवसांत कंदाला काय समजते, माणसाला तरी काय समजते.

म्हणून विनंती आहे साहेब, विदेशी फुलाचा फोटो जरूर छापा पण त्याला किती थंडी लागते आणि यवतमाळ, वर्धा, अकोल्यात येईल का हे पण लिहा. आणि मोठंच फूल पाहिजे असलं तर डेलियाबद्दल छापा, हिवाळ्यात आपल्याकडं ताटलीएवढा फुलते, नाही तर शेवंती आहे, तिच्याबद्दल तुमच्या पानावर मी अर्धा कॉलम पण कधी वाचला नाही.

आमच्या त्या कुंडीत आता सांबार म्हणजे कोथिंबीर पेरला आहे, चांगला दाट आला. नाव छापू नका, तुमचा पेपर घरात माझ्या आधी बायकोच वाचते.

आपला,
एक जुना वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ