सही कोणाची चालते ते बघ

जळगाव,
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय अनंता,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि सोबतचं टिपण मिळालं. अमळनेरच्या व्याख्यानाला थायलंड हा विषय घेतलास, झकास. पण टिपणातली मांडणी बदल, भाऊ. एकीकडे रणगाडे, दुसरीकडे जनता आणि वर छत्राखाली बसलेला राजा, हे चित्र ऐकायला सोपं आहे, पण पहिला शहाणा श्रोता उठून विचारेल, ‘मग निवडणूक जिंकणारा पंतप्रधान का होत नाही?’ आणि तू अडकशील. तिथलं सगळं भांडण नेमणुकीच्या कागदाचं आहे. सेनापती कोण, सिनेटर कोण, न्यायाधीश कोण आणि त्या कागदावर कोणाची सही चालते, एवढा धागा धरलास तर राजाची एकहाती सत्ता संपली त्या १९३२ पासून आजपर्यंतचं सगळं ओवता येतं.

सुरुवात फळ्यावरच्या गणिताने कर. २०१७ च्या राज्यघटनेने कनिष्ठ सभागृहात ५०० खासदार ठेवले आणि लष्करी राजवटीने नेमलेले २५० सिनेटर पहिली पाच वर्षं पंतप्रधानाच्या मतदानात बसवले. एकूण ७५०, बहुमत ३७६. ज्याच्या खिशात २५० सिनेटर, त्याला निवडून आलेले १२६ खासदार पुरतात. ज्याच्याकडे एकही सिनेटर नाही त्याला ५०० पैकी ३७६ लागतात, म्हणजे चारातले तीन. या २५० मधल्या सहा जागा तर पदसिद्ध होत्या: तिन्ही दलांचे प्रमुख, सरसेनापती, पोलीसप्रमुख आणि संरक्षण खात्याचे सचिव. २०१९ मध्ये याच हिशेबाने जनरल प्रयुत चान-ओचा ५०० मतांनी पुन्हा पंतप्रधान झाले. २०२३ च्या मे महिन्यात मूव्ह फॉरवर्ड पक्ष १५१ जागा घेऊन पहिला आला, आठ पक्षांची मोट बांधून ३१२ खासदार जमवले, तरी १३ जुलैला त्यांचे उमेदवार पिता लिमजारोनरात ३२४ वर अडकले. एका सिनेटरने राजीनामा दिल्यामुळे त्या दिवशी ३७५ पुरणार होते. पण २४९ सिनेटरांपैकी १३ जणांनीच त्यांना मत दिलं. एवढा एक आकडा सांगितलास तरी सभागृहाला बाकीचं निम्मं कळेल.

आता रणगाड्यांकडे ये. १९३२ नंतर तिथे डझनभर लष्करी उठाव यशस्वी झाले आणि फसलेले वेगळे. उठाव कसा होतो हे पायरीपायरीने सांग, कारण लोकांना वाटतं की रात्री फौज निघाली आणि सकाळी राज्य आलं. तसं नसतं.

पहिली पायरी बदल्यांची. राजधानीत आणि तिच्याभोवती ज्या पलटणी आहेत, त्यांच्यावर आपली माणसं आधी बसवावी लागतात. २००६ च्या जुलैत लष्करप्रमुख सोन्थी यांनी मधल्या फळीतले शंभरावर अधिकारी हलवले. ते पंतप्रधान थाकसिन शिनावात्रा यांच्या जवळचे समजले जात. उठाव झाला १९ सप्टेंबरला, पण खरा डाव जुलैतच टाकून झाला होता.

दुसरी पायरी कायद्याची, आणि ही मोठी मजेदार आहे. १९१४ चा लष्करी कायद्याचा अधिनियम अजून जिवंत आहे. युद्ध किंवा दंगल असेल तर किमान एक बटालियन हाताखाली असलेला अधिकारी आपल्या हद्दीत मार्शल लॉ लावू शकतो. लावायला सेनाधिकारी पुरतो, उठवायला मात्र राजाची घोषणा लागते. तेव्हा लष्करप्रमुख असलेल्या प्रयुत यांनी २० मे २०१४ ला पहाटे तीनला मार्शल लॉ लावला आणि हा उठाव नाही म्हणून सांगितलं. मग भांडणाऱ्या सगळ्या गटांना आर्मी क्लबात चर्चेला बोलावलं. २२ तारखेच्या बैठकीत काळजीवाहू सरकारच्या प्रतिनिधीने राजीनामा द्यायला नकार दिला. त्यावर प्रयुत यांनी तिथल्या तिथे सत्ता घेतल्याचं सांगितलं आणि बाहेर उभ्या गाड्यांतून पुढाऱ्यांची रवानगी झाली. सगळे विरोधक एका खोलीत आपल्या पायांनी आलेले, पकडायला दारोदार हिंडायची गरज नाही. रात्री दहा ते पहाटे पाच संचारबंदी, सगळ्या वाहिन्या बंद, पडद्यावर लष्कराची चिन्हं आणि लष्करी गाणी.

तिसरी पायरी राजाच्या मान्यतेची. इथेच उठाव तरतो किंवा बुडतो. १९८१ च्या एप्रिलमध्ये ‘यंग टर्क्स’ म्हणवणाऱ्या कर्नल मंडळींनी बँकॉक ताब्यात घेतलं होतं आणि शहरात फौज त्यांच्याकडेच जास्त होती. पण पंतप्रधान जनरल प्रेम तिनसुलानोंदा राजघराण्याला घेऊन ईशान्येकडच्या कोराट शहरी निघून गेले. राजा कोणाकडे आहे हे कळल्यावर तीन दिवसांत उठाव विरला. २००६ ला उठाव करणारे त्याच रात्री राजवाड्यात हजर झाले. २०१४ ला २६ मे रोजी राजाज्ञा आली.

चौथी पायरी कागदाची: जुनी घटना रद्द, हंगामी घटना लागू आणि तिच्यात उठाव करणाऱ्यांना माफीचं कलम. १९५० च्या दशकापासून तिथलं सर्वोच्च न्यायालय यशस्वी उठाववाल्यांचे हुकूम कायदा म्हणून धरत आलं आहे. त्यामुळे २०१७ ची घटना ही विसावी, हे ऐकून कोणाला हसू आलं तर येऊ दे.

उठाव फसतो कशाने, हे कोणी विचारेलच. एक तर राजवाडा, ते वर आलं. दुसरं, फौजेतले तट. सैनिकी शाळेतली बॅच ही तिथे भाऊबंदकीसारखी आयुष्यभर चालते आणि पलटणींचीही घराणी आहेत. पूर्वेकडच्या दुसऱ्या डिव्हिजनचे अधिकारी ‘पूर्वेचे वाघ’ म्हणवतात. प्रयुत, प्रवित आणि अनुपोंग हे तिघंही जनरल त्याच फळीतले. बँकॉकच्या पहिल्या डिव्हिजनचे राजरक्षक स्वतःला ‘वोंगथेवान’ म्हणवतात. दोघांची ओढाताण दरवर्षी दिसते, कारण साठीला निवृत्ती असते आणि आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपतं, म्हणून १ ऑक्टोबरला मोठी खांदेपालट होते. थायलंडचं राजकारण समजून घ्यायचं तर निवडणुकीच्या निकालाइतकंच या यादीकडे लक्ष ठेवावं. थाकसिन यांच्या लष्कराशी वितुष्टाचा उगमही तिथलाच. त्यांनी २००३ मध्ये स्वतःच्या चुलतभावाला लष्करप्रमुख केलं आणि मोक्याच्या जागांवर आपल्या बॅचचे मित्र आणायला घेतले. जुलै २००६ मध्ये, तोवर राजाचे सल्लागार झालेल्या प्रेम यांनी छात्रांपुढे भाषणात सांगितलं की सरकार हे घोडेस्वार आहे, घोड्याचं मालक नाही. मालक राष्ट्र आणि राजा. (प्रेम हे स्वतः घोडदळातले, तेव्हा उपमा त्यांच्या तोंडी शोभून दिसली.) आणि १९ सप्टेंबरच्या रात्री न्यूयॉर्कमध्ये असलेल्या थाकसिन यांनी दूरचित्रवाणीवरून आणीबाणी जाहीर करताना पहिलं काय केलं असेल? लष्करप्रमुखाची बदली! प्रक्षेपण मध्येच तोडलं गेलं. सही केली, पण ती चालली नाही. व्याख्यानात हा प्रसंग सावकाश सांग.

२००६ च्या उठावानंतरच्या सरकारने हे दार बंदच करून टाकलं. २००८ च्या संरक्षण खात्याच्या कायद्याने जनरलांच्या नेमणुका एका समितीकडे दिल्या. त्यात संरक्षणमंत्री आणि असला तर उपमंत्री, बाकी सगळे गणवेशातले. नागरी मंत्री मतदानाला बसला तरी हरतो.

राजाबद्दल बोलताना जीभ सांभाळ, पण टाळू नकोस. राजे भूमिबोल १९४६ ते २०१६, सत्तर वर्षं गादीवर होते. मे १९९२ मध्ये गोळीबारानंतर पंतप्रधान जनरल सुचिंदा आणि आंदोलनाचे नेते चामलोंग त्यांच्यापुढे जमिनीवर बसलेले सगळ्या देशाने पाहिले, आणि त्या एका दृश्यावर ‘वर बसलेला निःपक्ष पंच’ ही प्रतिमा पुढे कित्येक वर्षं चालली. आताच्या राजांची रीत वेगळी आहे. वजिरालोंगकोर्न यांनी २०१७ ची घटना सहीआधी काही ठिकाणी बदलून घेतली. २०१८ च्या कायद्याने राजसंपत्ती थेट राजाच्या नावावर आली. ऑक्टोबर २०१९ मध्ये पहिली आणि अकरावी पायदळ रेजिमेंट माणसं आणि पैशासकट वटहुकुमाने राजसुरक्षा कमांडकडे वर्ग झाली. या दोन रेजिमेंटी बँकॉकच्या उठावांत नेहमी पुढे असत. म्हणजे राजवाड्याला विचारल्याशिवाय उठाव करायचा तर आता फौजच अपुरी पडेल. या वटहुकुमाविरुद्ध फ्यूचर फॉरवर्ड पक्षाच्या ७० खासदारांनी मत दिलं. चार महिन्यांत तो पक्ष न्यायालयाने बरखास्त केला. कारण दाखवलं ते पक्षनेत्याने पक्षाला दिलेल्या १९ कोटी १२ लाख बाथ कर्जाचं.

कलम ११२ चा उल्लेख कर: राजाची अवमानना, प्रत्येक आरोपाला ३ ते १५ वर्षं, आणि तक्रार कोणीही करू शकतो. पोस्ट जेवढ्या तेवढे आरोप, म्हणून फेसबुकवरच्या मजकुरासाठी एकाची शिक्षा २०२४ मध्ये ५० वर्षांवर गेली. मूव्ह फॉरवर्डने या कलमात दुरुस्तीचा प्रचार केला, तोच ७ ऑगस्ट २०२४ ला पक्ष बरखास्त होण्याचं कारण ठरला.

गटातटांचं मात्र सगळेच चुकीचं सांगतात. लाल शर्टवाले थाकसिनच्या बाजूचे, पिवळे शर्टवाले राजनिष्ठ आणि त्यांच्या विरोधातले. पण लाल म्हणजे गरीब आणि पिवळे म्हणजे श्रीमंत, असं म्हणू नकोस. दक्षिणेतला रबराचा शेतकरी वर्षानुवर्षं पिवळ्यांच्या बाजूचा. पिवळा हा सोमवारचा रंग, राजे भूमिबोल सोमवारी जन्मले म्हणून. ईशान्येचा आणि उत्तरेचा शेतकरी लाल झाला तो थाकसिनच्या ३० बाथमध्ये दवाखाना आणि गावाला १० लाख बाथ निधी या योजनांमुळे. त्यांची बहीण यिंगलक २०११ मध्ये पंतप्रधान झाली आणि तिने भात तारण योजना आणली. आपल्याकडे सीसीआय हमीभावाने कापूस घेते तशीच समज, फक्त भाव बाजाराच्या जवळपास दीडपट: साध्या भाताला टनाला १५,००० बाथ. हिशेब असा होता की थायलंडने माल अडवला की जगात भाव चढेल. चढला नाही, कारण नेमक्या सप्टेंबर २०११ मध्ये भारताने बिगर बासमती तांदळाची निर्यात खुली केली. भाव पडलेलेच राहिले, गोदामात तांदूळ साठत गेला आणि २०१३ च्या अखेरीस शेतकऱ्यांचे पैसे थकले. अमळनेरात हा मुद्दा तू न सांगता लोक तुला समजावतील. यिंगलकला ७ मे २०१४ ला घटना न्यायालयाने काढलं ते मात्र तांदळावरून नाही, एका अधिकाऱ्याच्या बदलीवरून!

२००८ पासून या न्यायालयाने पाच पंतप्रधान घालवले: समक, सोमचाय, यिंगलक, स्रेत्था आणि पेतोंगतार्न. समक गेले ते टीव्हीवर स्वयंपाकाचा कार्यक्रम करून मानधन घेतल्यावरून. सभागृह हसेल, हसू दे, पण लगेच सांग की नऊ न्यायाधीशांची नेमणूक सिनेटच्या मंजुरीने होते, आणि सिनेटची गोष्ट आपण फळ्यावर मांडली आहेच. २०२४ पासून सिनेटर २०० आहेत, वीस व्यवसायगटांतून उमेदवारांनीच एकमेकांना मतं देऊन निवडलेले. पंतप्रधानाच्या मतदानात ते आता नाहीत, पण घटनादुरुस्तीला त्यातल्या एक तृतीयांश, म्हणजे ६७ जणांची संमती लागते. कुलूप तेच, फक्त किल्ली दुसऱ्या खिशात गेली.

आणि लाल-पिवळं भांडण कायमचं असतं हा समज २२ ऑगस्ट २०२३ ने मोडला. परदेशात परागंदा राहिलेले थाकसिन सकाळी पंधरा वर्षांनी देशात उतरले, त्याच दिवशी त्यांच्या फेउ थाई पक्षाचे स्रेत्था ४८२ मतांनी पंतप्रधान झाले आणि सोबतीला लष्कराच्या जवळचे पक्ष. थाकसिन यांची आठ वर्षांची शिक्षा राजाने एक वर्षावर आणली. मला विचारशील तर या तडजोडीत थाकसिनने मतदार विकला आणि बदल्यात फक्त मुदत मिळवली. कारण पुढे मुलगी पेतोंगतार्न पंतप्रधान झाली खरी, पण सीमेच्या तंट्यात तिने कंबोडियाचे माजी पंतप्रधान हुन सेन यांना फोन केला. सीमेवरचा आपलाच सेनाधिकारी विरुद्ध बाजूचा आहे असं ती म्हणाली. ते ध्वनिमुद्रण जून २०२५ मध्ये फुटलं आणि २९ ऑगस्टला न्यायालयाने तिला घालवलं. ५ सप्टेंबरला भूमजाइथाई पक्षाचे अनुतिन पंतप्रधान झाले, ९ सप्टेंबरला थाकसिन तीच एक वर्षाची शिक्षा भोगायला तुरुंगात गेले. गंमत म्हणजे अनुतिनना बाहेरून पाठिंबा दिला तो बरखास्त मूव्ह फॉरवर्डच्या जागी उभ्या राहिलेल्या पीपल्स पार्टीने, चार महिन्यांत संसद विसर्जित करण्याच्या अटीवर.

नेपाळचा प्रश्न येणारच, थोडक्यात आटप. ज्ञानेंद्र यांनी १ फेब्रुवारी २००५ ला सत्ता स्वतःच्या नावाने घेतली, त्यामुळे दोष झेलायला मध्ये कोणी उरलं नाही. सात पक्ष आणि माओवादी एकत्र आले आणि २८ मे २००८ ला राजेशाही संपली. थायलंडात हुकुमाखाली सही नेहमी एखाद्या जनरलची असते आणि पक्ष एकत्र येत नाहीत.

वेळ उरला तर २००६ च्या त्या तुटलेल्या प्रक्षेपणाला दोन मिनिटं जास्त दे, लाल शर्टवाल्यांच्या आंदोलनावर झालेल्या २०१० च्या गोळीबारावर मात्र घाई करू नकोस, नव्वदच्या वर माणसं मेली आहेत. नकाशा माझ्याकडे मोठा आहे, बँकॉक, कोराट आणि बुरिराम त्यावर ठळक आहेत. भाऊबीजेला कोणी इकडे येणार असेल तर त्याच्या हाती देतो, नाहीतर एसटीच्या पार्सलने टाकतो, कळव. काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सुधाकर