उद्यमबागला नाही म्हणून कळवलंय

मुंबई
नवरात्र, तिसरी माळ

ति. आप्पा आणि आई यांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की आप्पा, तुम्ही फोन आईच्या हातात देता आणि आई रडायला लागते. म्हणून लिहितोय. ताई वाचून दाखवेलच, पण आधी तुम्ही चष्मा लावून एकदा स्वतः वाचा.

बेळगावात उद्यमबागच्या कारखान्यातल्या नोकरीला मी नाही म्हणून कळवलंय, इथली बोटीच्या इंजिनावरची नोकरी सोडत नाही. मालकांना मीच फोन केला. तुम्ही शब्द टाकला होतात, तेव्हा ते तुमच्या तोंडून त्यांना कळायला नको होतं. ते रागावले नाहीत. “पोराला समुद्र लागला म्हणायचा,” एवढंच म्हणाले आणि तुमच्या खोकल्याची चौकशी केली. खडे बाजारात भेटले तर तोंड चुकवून जाऊ नका. तुमचं नाव राखूनच बोललोय मी.

तिथला पगार काही वाईट नव्हता, दोन वेळचं घरचं जेवण होतं, तुम्हा दोघांना आधार झाला असता. हे सगळं मला कळतं. रात्री पडल्या पडल्या मी हाच हिशोब करत असतो. पण सेकंड क्लास इंजिन ड्रायव्हरच्या, म्हणजे बोटीचं इंजिन चालवायच्या परवान्याच्या परीक्षेला बसायचं तर बोटीवर काढलेली नोकरी दाखवावी लागते. ती आता भरत आलीय. मध्येच सोडून लेथवर उभा राहिलो तर एवढ्या दिवसांचा घाम वाया. पास झालो की तो कागद माझा. मग कुठल्याही बंदरात काम मिळेल, कारवारलासुद्धा. कारवार म्हणजे आपलंच की, घाट उतरला की आलं.

आणि तुम्ही गावात सांगता तसा मी बोटीवर पाहुण्यांना पाणी वाटत नाही. ते वरचं काम, त्याला वेगळी पोरं आहेत. माणसं सूर्य मावळताना फोटो काढतात, गाणी लावतात, जेवतात, तेव्हा मी त्यांच्या पायाखाली असतो.

बोट सुटते संध्याकाळी, पण आम्ही दुपारपासून राबतो. बर्फाच्या लाद्या, पाण्याचे जार, जेवणाचे गरम डबे लहान होडीतून येतात. ते चढवायला बोट हाकणाऱ्या सारंगापासून खलाशापर्यंत सगळे हात लावतात. मग मी खाली उतरतो. ऑइलची कांडी बघायची, पट्टे चाचपायचे, बुडात पाणी किती साठलंय ते बघायचं, जनरेटरवर दिव्यांचा सगळा भार टाकून तो ओढतोय का ते बघायचं. सगळ्यात घाण काम जाळीचं. इंजिन थंड ठेवायला समुद्राचंच पाणी आत घेतात आणि त्या वाटेवर गाळायला जाळी असते. प्लास्टिकच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, गणपतीनंतर तर हार नि निर्माल्य, सगळं तिच्यात येऊन बसतं. जाळी तुंबली की इंजिन तापलं. म्हणून सुरू केल्या केल्या बाहेर वाकून बघायचं, बोटीच्या कुशीतून पाण्याची धार पडतेय ना. पडली की जिवात जीव.

आप्पा, आता हे तुम्हाला आवडेल. पंख्याचा शाफ्ट बोटीच्या बुडातून बाहेर जातो तिथे ग्लँड असतं, आत दोरीसारखं पॅकिंग. नव्या माणसाला वाटतं, पाणी गळतंय, आवळून टाकावं. पण ते गळलंच पाहिजे, थेंब थेंब. त्या पाण्यावरच ते थंड राहतं. फार आवळलं तर पॅकिंग जळतं आणि शाफ्टला चर पडते. सुरुवातीला ड्रायव्हरकाकांनी माझ्या हातात पाना दिला आणि किती आवळायचं ते मुद्दाम सांगितलं नाही. मी थोडं आवळून ग्लँडवर हात ठेवला. गरम लागलं, तसं परत जरा सैल केलं. “कुणी शिकवलं?” म्हणाले. म्हटलं, वडील फौंड्रीत फिटर होते.

आठवतंय? सुट्टीच्या दिवशी मला कारखान्यात न्यायचात, स्क्रू ड्रायव्हरचं टोक कॉम्प्रेसरवर टेकवून मूठ माझ्या कानाला लावायचात. “बेअरिंग काय म्हणतंय सांग.” मी म्हणायचो, भूक लागली म्हणतंय. मग गेटबाहेरच्या गाड्यावर भजी. अजून इंजिनरूममध्ये उतरलो की आधी तुमचाच आवाज येतो. मग कानाला मफ लावतो. हो आई, रोज लावतो.

आई, तुझं अमावस्येचं. तू कॅलेंडरात काळा गोळा बघून “त्या दिवशी पाण्यात जाऊ नको” म्हणतेस. आमचे सारंगकाकाही तोच गोळा बघतात. अमावस्या-पौर्णिमेला मुंबईत भरती दुपारी बाराच्या आसपास येते, म्हणजे संध्याकाळी सहाच्या सुमाराला मोठी ओहोटी, नेमकी लोक चढायच्या वेळी. पाणी इतकं खाली जातं की धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात. सर्वपित्रीला आम्ही सगळे त्या पायऱ्यांवर उभे होतो, एकेका आजीचा हात धरून उतरवत. तेव्हा तुझा काळा गोळा आम्ही पाळतो, फक्त घरी बसून नाही.

त्या १८ डिसेंबरचंही बोलून टाकतो. २०२४ साली घारापुरीला निघालेल्या फेरीबोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, ते तू टीव्हीवर बघितलंस आणि तेव्हापासून तुझ्या डोळ्यांपुढून ते हलत नाही. स्पीडबोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती आणि ताबा सुटला. इंजिनाच्या माणसाला ते विसरता येत नाही. त्यानंतर फेरीबोटींवर जॅकेटची सक्ती झाली. आमच्याकडे माणसं मोजल्याशिवाय दोर सुटत नाही, आणि जॅकेटं कुठल्या बाकाखाली आहेत ते मी अंधारात सांगेन. शिवाय तूच नव्हतीस का मला पाठीला भोपळा बांधून विहिरीत ढकलायला सांगितलं होतंस मामाला?

राहायला शिवडीला खोली आहे, चौघं जण. पाणी सकाळी येतं, पंखा चांगला आहे, गादी मी नवी घेतली. खाली इंजिनाजवळ उकडतं हे खरं, पण भट्टीपुढे तुम्ही काढलेल्या दिवसांपुढे ते काहीच नाही. जेवण बोटीवर मिळतं. भात असतो, मासा रोज असतो. मी खातो की नाही ते आप्पांनी विचारू नये, माळ तुमच्या गळ्यात आहे, माझ्या नाही. शेंगाची चटणी संपत आलीय, एवढंच.

दिवाळीला येणं होणार नाही. लक्ष्मीपूजनाला अमावस्याच, आणि बोट भरलेली. पावसाळ्यात फेऱ्या बंद असतात तेव्हा बोट वर ओढून बुडाला चिकटलेले शिंपले खरवडतात, इंजिन उघडतात. ते मला शिकायचंय. ते झालं की थेट भाताच्या लावणीला येतो, चिखलात उतरायला. गडी सांगून ठेवू नका.

आता मी सांगतो ते ऐका. आप्पा, खोकल्याचा एक्स-रे या आठवड्यात काढायचा, दसऱ्यानंतर नाही. डॉक्टरला नुसतं “खोकला” म्हणू नका, फौंड्रीत वाळूच्या धुळीत किती वर्षं होता ते सांगा. बेडका तपासायला सांगितला तर टाळायचं नाही. दाजी गाडी घेऊन येतील, मी बोललोय. आई, तू बसने जाणार असशील तर कर्नाटकच्या सरकारी बसला बायकांना तिकीट नाही, पण म्हणून त्यांना बसमध्ये उभं राहायला लावू नको. तुझे गृहलक्ष्मी योजनेचे २,००० आले की कुणाला उसने देऊ नको. बीपीची गोळी जेवल्यावर विसरतेस, म्हणून ती चहाच्या डब्याशेजारी ठेव.

१ नोव्हेंबरला सीमाप्रश्नासाठी निघणाऱ्या काळ्या दिनाच्या सायकल फेरीला तुम्ही जाणारच आप्पा, मी अडवत नाही. पण सायकल घरी ठेवा. वाटेत कुठेतरी कोपऱ्यावर उभे राहा, लोक येतील तिथे भेटतील.

रागावला असाल तर रागवा, पण फोन आईकडे देऊ नका. दोन शब्द बोला की.

तुमचाच,
बाळू

ता. क. आपल्या गल्लीतला एक पोरगा रविवारी चालुक्य एक्सप्रेसने येतोय, त्याच्याकडे सारंगकाकांनी आईसाठी दिलेले सोडे पाठवतोय. वास सुटणार नाही असे चार पिशव्यांत बांधलेत. आप्पा, तुम्ही हे आधी वाचलंच आहे, तेव्हा आता तक्रार नको.