स्कॅनर भंगारात घालू नका, सॉफ्टवेअर बदला

संपादक साहेब, नमस्कार. १९९३ च्या किल्लारी भूकंपाच्या निगेटिव्ह आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओत अजून पडून असतील, अन् लोक म्हणतात त्या कॉम्प्युटरवर उतरवायचा फिल्म स्कॅनर जुना झाला, नव्या विंडोजवर चालत नाही. अहो मशीन चांगलंच असतंय, कंपनीचं सॉफ्टवेअर तेवढं बंद पडलेलं असतंय, व्ह्यूस्कॅन हे जुने स्कॅनर चालवणारं दुसरं सॉफ्टवेअर टाकलं की निकॉनचा कूलस्कॅन हा जुना फिल्म स्कॅनरसुद्धा चालतो. कलर निगेटिव्हची नारिंगी छटा काढणं पण सॉफ्टवेअरचंच काम, तिथं गडबड झाली की चेहरे निळे पडतात. अन् ब्लॅक अँड व्हाईट असेल तर धूळ काढायचं इन्फ्रारेड ऑप्शन बंदच ठेवा, फिल्ममधली चांदी इन्फ्रारेड अडवते मग सॉफ्टवेअर फोटोतले बारकावेच धूळ समजून पुसतं, हे फार वाईट! स्कॅन १६ बिट टिफमध्येच ठेवा, म्हणजे फोटोचे बारकावे न गमावणाऱ्या फाईलमध्ये. जिल्हा ग्रंथालयांनी हे काम आता हाती घ्यावं, फिल्म दरवर्षी खराब होत चाललीय.

– एक वाचक, लातूर