रेल्वेमंत्री साहेब, वीतभर जागेचा प्रश्न आहे

माननीय रेल्वेमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी डोंबिवलीला राहते, वय ४७, नोकरी करते आणि गेली बावीस वर्षं रोज लोकलने जाते-येते. हे पत्र लोकलच्या गर्दीबद्दल नाही, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि ते बरोबरच लिहितात. मला सायकलबद्दल बोलायचंय, म्हणजे सायकल घेऊन गाडीने कुठे जायचं असेल तर काय होतं त्याबद्दल. हा विषय छोटा वाटेल तुम्हाला, पण शेवटपर्यंत वाचा अशी विनंती.

आमचा एक ग्रुप आहे. मराठीत लिहिणारे-वाचणारे तीस-पस्तीस लोक, सगळी ओळख नेटवर झालेली, कोणी कोणाचं नातेवाईक नाही की ऑफिसातलं नाही. वर्षातून दोनदा शनिवार-रविवार कुठेतरी भेटतो, त्याला आम्ही कट्टा म्हणतो. कोणी सोलापूरहून येतं, कोणी नाशिकहून, एक काका बेळगावहून. आठ-नऊ वर्षं ज्यांच्याशी पुस्तकांवरून, भाषेवरून, कधी राजकारणावरूनही कडाकडा भांडलोय ती माणसं समोर बसून पिठलं-भाकरी खातात तेव्हा जे वाटतं ना, ते मला लिहून सांगता येणार नाही. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा पहाटे पाचला पहिला फोन यातल्याच एका ताईंचा आला होता, तोपर्यंत मी त्यांना एकदाही प्रत्यक्ष भेटलेले नव्हते.

तर कट्टा नेहमी अशा ठिकाणी असतो जिथे स्टेशन असतं पण गाव स्टेशनपासून वीस, तीस, चाळीस किलोमीटर आत असतं. महाराष्ट्रातल्या बऱ्याच गावांचं असंच आहे, रूळ एकीकडून जातो आणि गाव दुसरीकडे. ज्यांच्याकडे गाडी आहे ते घरापासूनच गाडी काढतात आणि मग चार माणसांसाठी चार गाड्या हायवेला लागतात. मी गाडी चालवत नाही. सायकल चालवते, लॉकडाऊनमध्ये सुरू केली आणि आता सुटत नाही. पन्नास किलोमीटर मला जड नाहीत. पण डोंबिवलीहून वाईला अख्खं सायकलवर जा म्हटलं तर बोरघाट, मग कात्रज, मग खंबाटकी, आणि सगळीकडे शेजारून ट्रक, ते माझ्याने होत नाही आणि घरचे जाऊ पण देणार नाहीत. म्हणून लांबचा पल्ला रेल्वेने आणि शेवटचे तीस-चाळीस किलोमीटर सायकलने. याहून सरळ हिशोब मला दिसत नाही.

आधीच्या एका कट्ट्याला मी नियमाने गेले. स्टेशनांची नावं लिहीत नाही, कारण तिथल्या कर्मचाऱ्यांवर माझा राग नाही, त्यांच्या हातात जे होतं ते त्यांनी केलं. सायकल ब्रेकव्हॅनमधून, म्हणजे गाडीच्या टोकाच्या सामानाच्या डब्यातून, न्यायची म्हणून मी गाडीच्या दोन तास आधी पार्सल ऑफिसात गेले. फॉरवर्डिंग नोट म्हणजे पार्सलचा फॉर्म भरला, सायकलला बारदान गुंडाळलं, नाव-पत्ता लिहिलेला पुठ्ठा बांधला, वजन केलं, पैसे भरले, पावती घेतली. मग हमालांनी सांगितलं की डब्यात चढवायचे वेगळे द्यावे लागतील. दिले. गाडीत बसले. पाच तासांनी माझं स्टेशन आलं, गाडी तिथे दोन मिनिटं थांबते, आणि ब्रेकव्हॅन अगदी शेवटी, प्लॅटफॉर्म संपून पुढे खडी लागते तिथे. मी पळत गेले. दार उघडेपर्यंत, आतली पोती बाजूला करेपर्यंत गाडी हलली आणि माझी सायकल माझ्या डोळ्यांसमोर पुढे गेली. मी प्लॅटफॉर्मवर हेल्मेट हातात घेऊन उभी.

सायकल चौथ्या दिवशी परत मिळाली, मागच्या गिअरचा भाग वाकलेला. कट्टा तोवर होऊन गेला होता. एका मित्राने स्टेशनवर गाडी आणली म्हणून मी पोचले तरी, पण दोन दिवस डोक्यात दुसरं काही नव्हतं, समोर माणसं बोलत होती आणि मी हेल्पलाइनला फोन लावत होते.

नंतर मी नियम वाचले, आणि इथे खरा मुद्दा आहे. सेकंड क्लासच्या प्रवाशाला ३५ किलो सामान मोफत नेता येतं, स्लीपरला ४०. डब्यात न्यायच्या पेटीचं माप १०० सेंमी लांब, ६० रुंद, २५ जाड. पण सायकलला ही मोफत सवलत लागू नाही, ती स्कूटरच्या रांगेत बसवलीय. स्कूटर आणि सायकल! स्कूटरला टाकी असते, पेट्रोल असतं, तिची चाकं काढून ती काखेत मारता येत नाही. माझ्या सायकलचं वजन १३ किलो आहे. दोन्ही चाकं काढून, हँडल वळवून, सीट काढून बॅगेत बांधली की लांबी ११५ सेंमी, उंची ७०, जाडी ३०. टेप लावून मोजलंय. म्हणजे नियमातल्या मापापेक्षा लांबीला १५ सेंमी जास्त, उंचीला १०, जाडीला ५, वीतभरसुद्धा नाही. त्या वीतभरासाठी दोन तास आधी जा, बारदान आणा, हमाल शोधा, आणि मग दोन मिनिटांच्या स्टेशनवर नशीब बघा.

या फेब्रुवारीत कट्टा वाईला होता. मी पार्सल ऑफिसात गेलेच नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून जाड कापडाची बॅग शिवून घेतली, खांद्याला पट्टा असलेली. शुक्रवारी सकाळी सायकलने कल्याण स्टेशन, बाहेर कडेला बसून वीस मिनिटांत चाकं काढली, बॅगेत भरली आणि साताऱ्यावरून जाणाऱ्या कोयना एक्सप्रेसमध्ये चढले. दाराजवळ बेसिनच्या बाजूला उभी करून बंजी कॉर्डने, म्हणजे ताणणाऱ्या रबरी दोरीने, बांधली, कोणाच्या पायात नाही की वाटेत नाही. टीसी आले, विचारलं काय आहे, मी खरं ते सांगितलं आणि मापंही सांगितली. त्यांनी बॅग हाताने उचलून बघितली, म्हणाले, "ताई, नियमात बसत नाही हे तुम्हालाही माहितीय, पण लोकांना त्रास होत नाहीये, बसा." मी दंड भरायला तयार होते, पर्समधून पैसेपण काढले होते. त्यांनी घेतले नाहीत. मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं, कारण परत येताना दुसरे कोणी असतील आणि ते काय म्हणतील हे त्या दोन दिवसांत माझ्या मनातून गेलं नाही. प्रवाशाचा हक्क टीसींच्या चांगुलपणावर ठेवू नका, त्यांच्यावरही तो भार आहे.

तो प्रवास मात्र काय सुंदर झाला म्हणून सांगू. पुण्याच्या पुढे शिंदवण्याच्या घाटात गाडी वळणं घेत चढते, मग जेजुरी, डब्यातल्या अर्ध्या लोकांनी खिडकीतूनच गडाकडे हात जोडले, नीरा, लोणंद, दोन्ही बाजूला ऊस, मग आदर्कीचा घाट, वाठार. साताऱ्याचं स्टेशन गावापासून चांगलं लांब आहे, तिथे उतरलेल्या माणसाला रिक्षा किंवा नातेवाईक दोनच पर्याय. मी प्लॅटफॉर्मच्या टोकाला सायकल जोडली, दोन शाळकरी मुलांनी हवा भरायला मदत केली, आणि निघाले. लिंब फाटा, आनेवाडी, पाचवड, तिथून हायवे सोडला की वाईचा रस्ता. उसाच्या गाड्या, गुऱ्हाळाचा वास, समोर पांडवगड, आणि अंधार पडता पडता मी कट्ट्याच्या घरी. सगळे बाहेर येऊन उभे होते, सोलापूरच्या ताईंनी गूळपाणी आणून दिलं.

वाईला का भेटलो तेही सांगते. मराठी विश्वकोशाचं काम या गावात चालतं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी ते इथे उभं केलं, पहिला खंड १९७६ सालचा. आमच्यासारख्या भाषावेड्या लोकांना हे गाव देवस्थान आहे. शनिवारी आम्ही मेणवलीला गेलो, नाना फडणवीसांचा वाडा, घाट, आणि तिथली ती मोठी पोर्तुगीज घंटा, चिमाजीअप्पांच्या १७३९च्या वसईच्या मोहिमेतली. बाकीचे मोटारीत बसून पार्किंग शोधत होते, तोवर मी आणि साताऱ्याकडचे एक मास्तर, तेही सायकलवाले, घाटावर जाऊन पाण्यात पाय सोडून बसलो होतो. रविवारी पहाटे निघालो, परतीची कोयना गाठायची होती, तर मास्तर म्हणाले वाटेत लिंबला बारा मोटेची विहीर आहे, बघून जा. मोटारीतून शंभर वेळा त्या फाट्यावरून गेले असेन, कधी वळले नव्हते. साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसल्यांनी बांधलेली विहीर, आत उतरलं तर चक्क महाल, भिंतीवर वाघ आणि हत्ती कोरलेले. सकाळचे साडेसात वाजलेले, आम्ही दोघंच. पर्यटन खातं एवढ्या जाहिराती करतं, पण फाट्यावरून आत तीन किलोमीटर माणूस वळतो तो अशाने वळतो.

साहेब, रेल्वे आणि सायकल ही जोडी आपल्याकडे नवी नाही. १८९०च्या सुमारास सुरू झालेले मुंबईचे डबेवाले कित्येक वर्षं ही जोडी चालवतायत, गल्लीत सायकल आणि लांबच्या पल्ल्याला लोकल, जगभरातले लोक येऊन त्यांचा अभ्यास करतात. पुणे आणि नागपूरच्या मेट्रोत आज सायकल घेऊन चढता येतं. आणि कोकण रेल्वे तर १९९९ पासून भरलेले ट्रक वॅगनवर घालून नेते, २०२५च्या गणपतीत कोलाड ते गोव्यातलं वेर्णा मोटारीसुद्धा नेल्या, एका मोटारीला ७,८७५ रुपये भाडं. मोटारवाल्याने आपली मोटार रेल्वेवर घालून न्यावी एवढा विचार आपण केलाय याचं मला कौतुक आहे, मनापासून. मग १३ किलोच्या सायकलचा पण करा ना.

बाहेर काय चालतं तेही बघा. जपानमध्ये सायकल सुटी करून पूर्ण बॅगेत झाकली की डब्यात नेता येते, त्या पद्धतीला ते रिंको म्हणतात, आणि तिथल्या गाड्यांची गर्दी काय कमी असते का. युरोपियन युनियनने ७ जून २०२५ पासून असं केलंय की नव्या गाड्या घेताना किंवा जुन्यांचं मोठं काम काढताना गाडीत किमान ४ सायकलींची जागा ठेवायची. चारच. चार हुक लागतात भिंतीला.

मला आधी पाहिजे तो नियमातला बदल. बॅगेत बांधलेली सायकल, १२० सेंमीपर्यंत, एका प्रवाशाला एक, डब्यात नेता येईल असं लेखी लिहा. त्याला ५० किंवा १०० रुपये तिकीट लावा, आम्ही आनंदाने भरू, तिकीट काढतानाच ॲपवर तो पर्याय द्या म्हणजे टीसींना पण वाद घालावा लागणार नाही. गर्दीच्या दिवशी, गणपती-दिवाळीत बंद ठेवा, ते आम्हाला समजतं, लोक उभे राहायला जागा नसताना सायकल घेऊन कोण चढणार. पुढे मग दिवसाच्या गाड्यांत, कोयना, इंद्रायणी, पंचवटी असल्या, एका डब्यात हुक लावून बघा सहा महिने. ब्रेकव्हॅनची व्यवस्था पण सुधारायला हवी, तिथली जागा लीजने दिलेली असते आणि साध्या प्रवाशाचं एखादं नग कुठेतरी पोत्यांमागे जातं, पण ते मोठं काम आहे, त्याला वेळ लागेल. पहिल्या मागणीला, नियमातल्या बदलाला, फक्त एक परिपत्रक लागतं.

आणि हे माझ्या एकटीसाठी नाही. दरवर्षी आषाढीच्या आधी नाशिक-पुण्याहून शेकडो माणसं सायकलने पंढरपूरला जातात आणि परतताना सायकली टेंपोत रचून आणतात. कॉलेजची मुलं आहेत. स्टेशनपासून दहा किलोमीटरवर एमआयडीसीत कामाला जाणारे आहेत, ज्यांना दोन्हीकडे दोन सायकली ठेवणं परवडत नाही. आमच्याच ग्रुपमधल्या चार जणी या वाईच्या फोटोंनंतर विचारतायत की बॅग कुठे शिवली, सायकल गाडीत घेतात का. मी त्यांना काय उत्तर देऊ? "टीसी चांगले मिळाले तर घेतात" असं सांगवत नाही मला.

पुढचा कट्टा डिसेंबरात, चिपळूणच्या आत एका खाडीकाठच्या गावात ठरतोय, स्टेशनपासून साधारण तीस किलोमीटर. मी येणार म्हणून कळवलंय, कशी येणार ते अजून कळवलेलं नाही. बॅग शिवलेली तयार आहे. तुमच्या ऑफिसातल्या कोणाला मापं तपासायची असतील, वजन करायचं असेल, डब्यात कुठे कशी बसते ते बघायचं असेल तर मुंबईत सांगाल त्या स्टेशनवर, सांगाल त्या दिवशी सायकल घेऊन येते, रजा टाकून येते.

आपली,
डोंबिवलीची एक पासधारक प्रवासी