‘99 टक्के शुद्ध’ एवढ्यावर विसंबू नका

महोदय,

पेप्टाइडच्या, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांच्या, बाजाराविषयीचा लेख कालच्या अंकात वाचला. हा विषय मराठी वृत्तपत्रात येतो याचा आनंद आहे. पण शेवटच्या चौकटीतला सल्ला वाचून राहवले नाही. ‘98 टक्क्यांहून अधिक शुद्धतेचे प्रमाणपत्र देणारा पुरवठादार निवडावा’ असे त्यात म्हटले आहे. असे प्रमाणपत्र न देणारा पुरवठादार मला तरी आजवर भेटलेला नाही. मग निवड करायची कशावरून?

माझ्या प्रयोगशाळेतली एक विद्यार्थिनी एलएल-37 या पेप्टाइडवर काम करते. आपल्याच शरीरात तयार होणारे, जिवाणूंना मारणारे हे 37 अमिनो आम्लांचे पेप्टाइड. पहिला बॅच संपल्यावर त्याच पुरवठादाराकडून दुसरा मागवला आणि प्रयोगांचे आकडे बदलले. पेशी त्याच, माध्यम तेच, हातही तेच. म्हणून दोन्ही बॅचची प्रमाणपत्रे शेजारी ठेवून पाहिली. एचपीएलसीचा, म्हणजे नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीचा, आलेख दोन्हींवर एकच होता. मुख्य शिखराची वेळ दशांशापर्यंत तीच, क्षेत्रफळ तेच, पायथ्याशी असलेला छोटा उंचवटाही तोच. बदलला होता फक्त वर छापलेला बॅच क्रमांक. दोन वेगवेगळ्या चाचण्यांत असे होऊच शकत नाही. विचारणा केली तर उत्तर आले की आलेख ‘प्रातिनिधिक’ आहे. म्हणजे आमच्या हातातल्या कुपीची तपासणी झाली की नाही, हे त्या कागदावरून कळायला मार्गच नाही. बॅच बदलून मागितला, तर प्रमाणपत्र दिलेले असल्याने तक्रार ग्राह्य नाही, असे कळवण्यात आले!

शेवटी आम्हीच दुसऱ्या बॅचचा नमुना बाहेर तपासून घेतला. पेप्टाइड खरे होते, रेणूभारही बरोबर निघाला, 4493 च्या आसपास. पण कुपीतल्या पावडरीत प्रत्यक्ष पेप्टाइड वजनाच्या 70 टक्क्यांहूनही कमी होते. आणि तरीही ‘99 टक्के शुद्ध’ हे वाक्य तांत्रिकदृष्ट्या खोटे ठरत नाही. लेखात राहून गेले ते नेमके हेच. एचपीएलसीची टक्केवारी म्हणजे यंत्राला दिसलेल्या पेप्टाइडसदृश पदार्थांपैकी हवे ते पेप्टाइड किती, याचे उत्तर. पावडरीतले पाणी आणि क्षार त्या हिशेबात येतच नाहीत. पेप्टाइड बनवताना आणि शुद्ध करताना टीएफए हे आम्ल वापरतात आणि ते पेप्टाइडला चिकटून राहते. एलएल-37 मध्ये 6 लायसिन, 5 आर्जिनिन (ही दोन्ही अमिनो आम्ले) आणि साखळीचे मोकळे टोक अशा 12 जागा त्याला धरून ठेवतात. टीएफएचा रेणूभार 114. गुणाकार करून पाहावा: 12 गुणिले 114 म्हणजे 1368, ते पेप्टाइडच्या 4493 मध्ये मिळवले तर एकूण वजनाच्या जवळजवळ 23 टक्के निव्वळ टीएफए असू शकते. पाणी वेगळेच. कुपीवर 5 मिलिग्रॅम लिहिले आहे म्हणून तेवढे पेप्टाइड धरून द्रावण केले, तर पुढची प्रत्येक मात्रा चुकते. शिवाय टीएफएचा काही पेशींच्या वाढीवर स्वतःचा परिणाम होतो, तो भागच निराळा.

म्हणून पुरवठादाराला विचारायचे ते असे. आलेख याच बॅचचा आहे का, आणि त्यावर तारीख, स्तंभ (घटक वेगळे करणारी नळी) व मोजणीच्या प्रकाशाची तरंगलांबी लिहिली आहे का? रेणूभार दाखवणारा वस्तुमान वर्णपट सोबत जोडला आहे का? निव्वळ पेप्टाइड किती, आणि ते अमिनो आम्ल विश्लेषणाने (पेप्टाइड तोडून त्यातली अमिनो आम्ले मोजून) काढले की अंदाजाने? पेप्टाइड टीएफए क्षाराच्या रूपात आहे की अॅसिटेटच्या? पेशींवर काम असेल तर एंडोटॉक्सिनची, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातल्या विषाची, चाचणी झाली आहे का? आणि तपासले कोणी? ‘बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासले’ असे सांगितले तर प्रयोगशाळेचे नाव मागावे. एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर तिची मान्यता पाहता येते, आणि ती मान्यता नेमक्या कोणत्या चाचण्यांसाठी आहे हेही तिथेच कळते. आयएसओ 9001 चा शिक्का दाखवून गप्प करू पाहणाऱ्यांना सांगावे की तो व्यवस्थापन पद्धतीचा आहे, कुपीतल्या मालाचा नाही.

व्यायामशाळांत पेप्टाइड टोचून घेतले जाते, याचा लेखात उल्लेख ओझरता आला, तो ठळक यायला हवा होता. ‘फक्त संशोधनासाठी’ असे छापलेली कुपी माणसाला टोचण्यासाठी नसते. ती निर्जंतुक आहे की नाही, हे 99 टक्क्यांचा आकडा सांगत नाही. तरुण मुले तोच आकडा पाहून ती विकत घेत आहेत. अशा वेळी तुमच्या चौकटीतला सल्ला त्यांच्या हाती पडणे मला धोक्याचे वाटते.

आता आमच्याच घरातले. याच पेप्टाइडसाठी आलेल्या एका कोटेशनमध्ये निव्वळ पेप्टाइडचा आकडा, अमिनो आम्ल विश्लेषणासह, स्पष्ट दिला होता. दर जास्त होता, म्हणून आमच्या संस्थेच्या खरेदी समितीने ते बाजूला ठेवले आणि सर्वांत कमी दराचे मंजूर केले. दरांच्या तुलनेच्या तक्त्यात कागदपत्रांसाठी रकानाच नव्हता. बाहेरच्या तपासणीचा खर्च धरला तर ते ‘स्वस्त’ पेप्टाइड महागच पडले, आणि विद्यार्थिनीचे गेलेले महिने कोणत्याच तक्त्यात येत नाहीत. मागणीपत्रात बॅचनिहाय प्रमाणपत्र आणि निव्वळ पेप्टाइडचा आकडा या अटी सुरुवातीलाच घातल्या, तर समितीला दर पाहण्याआधी कागद पाहावेच लागतील. हे मी लेखी कळवले आहे. उत्तर अद्याप नाही.

लेखाचा पुढचा भाग येणार असल्याचे आपण छापले आहे. त्यात ती चौकट दुरुस्त करून, तेवढ्याच ठळक अक्षरांत, पुन्हा द्यावी ही विनंती.

— जीवरसायनशास्त्राचा एक प्राध्यापक, पुणे
(नाव प्रसिद्ध करू नये.)