वरून ओतलेलं पाणी

कोल्हापूर,
रविवार, संध्याकाळ

चि. बाळास,

प्रभूच्या नावात सलाम. अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सगळं एका दमात सांगितलंस. मे महिन्यात तरुण संघाची 20-22 पोरं-पोरी गगनबावड्याकडच्या धनगरवाड्यावर जाणार, चार दिवस तिथंच मुक्काम करणार आणि डोंगरातल्या झऱ्याचं पाणी घरांपर्यंत आणणार. वर्गणी जमली, पाळकसाहेबांनी उपासनेत तुमच्यासाठी प्रार्थनाही केली. मग विचारलंस, "पप्पा, तुम्हाला आनंद नाही झाला का?" मी "बरं आहे" म्हणालो आणि फोन आईच्या हातात दिला. त्यावरून रात्री तिनं मला चांगलंच फैलावर घेतलं.

आनंद झालाय गं. पण त्याच वेळी एक जुनी गोष्ट घशाशी आली आणि ती फोनवर सांगता येईना, म्हणून लिहायला बसलोय.

मी 31 वर्षं हातपंप दुरुस्तीच्या गाडीवर काढली, हे तू बघतच मोठी झालीस. त्यातल्या एका दुपारची ही गोष्ट. गाव सांगत नाही. बाहेरून आलेल्या एका मंडळीनं तिथं बोअर मारून हापसा दिला होता. आपल्याच विश्वासाची माणसं, लांबून आलेली, मनानं खरंच चांगली. जोडणीला मला बोलावलं होतं. एप्रिलचं ऊन. दांडा मारायला लागलो तसं आधी तांबूस गढूळ पाणी आलं, मग हळूहळू निवळलं. बायका घागरी घेऊन रांगेत उभ्या. तेवढ्यात त्यांचे प्रमुख म्हणाले, आधी प्रार्थना करू. भाषण झालं, त्याचं मराठी झालं, फोटो झाले, गीत झालं. एक म्हातारी रांग सोडून पुढं आली आणि तिनं तोटीखाली ओंजळ धरली. कुणीतरी दंडाला धरून तिला अगदी हळू मागं घेतलं, "आज्जी, जरा थांबा." ती थांबली. प्रार्थना सुरू झाली. मधेच मी डोळे उघडले, तर तिची ओंजळ तशीच पुढं धरलेली. रिकामी.

दांडा माझ्या हातात होता. एकदा खाली दाबला असता तर त्या ओंजळीत पाणी पडलं असतं. मी पुन्हा डोळे मिटले आणि शेवटी सगळ्यांबरोबर आमेन म्हणालो. इतकी वर्षं झाली, ते आमेन मला अजून टोचतं.

का टोचतं, ते तुला कळायला हवं. माझी आज्जी, म्हणजे तुझी पणजी, पन्हाळ्याच्या बाजूच्या एका खेड्यातली. लहानपणी ती तिच्या आईबरोबर पाण्याला जायची. म्हणजे विहिरीपाशी नाही, विहिरीपासून चार हात लांब जाऊन बसायची. गावातल्या कुणा बाईला दया आली की ती काठावर उभी राहून यांच्या घागरीत वरून धार सोडायची. घागरीला घागर लागू द्यायची नाही. तहान लागली असेल तर ओंजळ करायची आणि तोंड वर न करता प्यायचं. कधी अर्धा तास, कधी अख्खी सकाळ. 1919 साली शाहू महाराजांनी सार्वजनिक विहिरी, शाळा, दवाखाने सगळ्यांना खुले करायचे हुकूम काढले, पण कोल्हापुरातून निघालेला हुकूम खेड्यातल्या विहिरीच्या काठापर्यंत पोचायला फार वर्षं गेली.

अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर 1852 साली कोल्हापुरात आले आणि त्यांनी इथं मिशनचं काम सुरू केलं, हे तू शब्बाथशाळेत शिकलीस. पुढं त्या मिशनच्या एका आवारात आपलं घर कामाला आलं. तिथल्या विहिरीवर रहाट होता. पणजी मला सांगायची, पहिल्या दिवशी तिथल्या बाईनं तिच्या हातात सरळ दोर दिला आणि स्वतः बाजूला झाली. "दोर वढून वढून हाताला फोड आलं बघ, पर मी कुणाला दावलं न्हाई. माझं मलाच कौतिक वाटायचं." गावाकडचे लोक म्हणाले, पाण्यासाठी बाटली, ख्रिस्ती झाली. हे ऐकलं की तिचा चेहरा बदलायचा. म्हणायची, "पान्यासाठी न्हाई रं. दोर हातात दिला म्हनून."

या वाक्यावर मी आयुष्यभर विचार केलाय, बाळा. पाणी मिळालं म्हणून ती प्रभूकडं आली असं म्हणावं, तर ते तिला मान्य नव्हतं. पाण्याचा काही संबंध नाही म्हणावं, तर तेही खरं नाही. मला एवढं कळलं की दोर हातात देण्याआधी तिला कुणी हात जोडायला लावले नव्हते. आणि त्या दुपारी त्या म्हातारीच्या बाबतीत आम्ही नेमकं तेच केलं. पणजीच्या गावातली बाई काठावर उभी होती, आम्ही हापशापाशी. ओंजळ दोन्हीकडं खालीच.

गंगाराम कांबळ्यांची हकीकत कोल्हापुरात कुणाला ठाऊक नाही? हौदाच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना फोडून काढलं. शाहू महाराजांनी त्यांना भाऊसिंगजी रोडला चहाचं हॉटेल काढून दिलं, आणि स्वतः तिथं जाऊन चहा प्यायले. लोक पहिला भाग रंगवून सांगतात, मला शेवटचाच भाग मोठा वाटतो. महाराजांनी त्या माणसाला नुसतं दिलं नाही, त्याच्या हातचं घेतलं.

प्रभूनंही तेच केलं ना? योहानाच्या शुभवर्तमानाच्या 4थ्या अध्यायात भर दुपारी याकोबाच्या विहिरीवर तो दमून बसलाय, आणि शोमरोनी बाई येते तेव्हा तो आधी तिच्याकडं पाणी मागतो. यहुदी ज्यांच्या भांड्याला शिवत नसत, त्या लोकांतल्या बाईकडं. जिवंत पाण्याची गोष्ट नंतर निघते. तीच आधी विचारते, तुम्ही माझ्याकडं कसं मागता? तिथून सगळं बोलणं सुरू होतं. मी हा शास्त्रभाग किती वेळा ऐकला असेन, पण हापशावरच्या त्या दुपारनंतर मला तो नीट ऐकू आला.

म्हणून तुला सांगतो, धनगरवाड्यावर पोचलात की पिशवीतून सीलबंद बाटल्या काढू नका. पहिल्या घरी पाणी मागा. कच्चं प्यायची भीती वाटली तर चहा मागा, तो उकळलेला असतो आणि म्हशीचं दूधही त्यांच्याकडं घरचं. पण त्यांच्या कपातून प्या. त्यांना घरात आलेल्या पाहुण्याला काहीतरी देऊ द्या. मग झरा दाखवायला सांगा.

आता कामाचं.

गगनबावड्याला वर्षाला 5000 मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तरी मार्च उलटला की सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावरच्या बायका हंडे घेऊन उतरणीला लागतात. आपण शहरातली माणसं याचं नवल करतो. वर जांभा दगड असतो, चाळणीसारखा. पाणी त्यातून खाली झिरपतं आणि डोंगराच्या कडेला कुठंतरी झऱ्यातून बाहेर पडतं. वर उभं राहून कितीही पाऊस मोजला तरी त्याचा उपयोग नाही. म्हणून तिथं बोअर मारायच्या नादाला लागला नाहीत, हे फार चांगलं केलंत. झऱ्याचं पाणी सायफननं, म्हणजे नुसत्या उताराच्या जोरावर पाइपनं आणणं हाच शहाणपणा. वीज नको, मोटर नको.

झरा मे महिन्यातच मोजा, तेव्हा तो सगळ्यात बारीक असतो. 10 लिटरची बादली धारेखाली धर आणि घड्याळ लाव. समज, भरायला 100 सेकंद लागले. म्हणजे मिनिटाला 6 लिटर, दिवसाला 8640 लिटर. सरकारच्या जलजीवन मिशनचा हिशेब माणशी रोज 55 लिटरचा आहे, म्हणजे त्यात 157 माणसं बसतात. पण धनगरवाड्यावर म्हशी आहेत, आणि म्हैस माणसापेक्षा कमी पीत नाही. तिचा हिशेब कागदावर कुणी धरत नाही, मग टाकी पहाटेच रिकामी होते आणि भांडणं लागतात. रात्रभराचं पाणी साठेल एवढी टाकी घ्या.

झऱ्याच्या तोंडाशी बंदिस्त पेटी बांधाल, तेव्हा एक लक्षात ठेव. झऱ्याच्या डोळ्यापेक्षा पेटीतलं पाणी वर चढू द्यायचं नाही. चढलं की झरा बिथरतो, दुसरीकडून वाट काढतो, आणि गेलेला झरा परत आणता येत नाही. मी असा एक झरा गेलेला बघितलाय. घाईत भिंत हातभर जास्त उंच घेतली, एवढीच चूक. काळी पाइप जमिनीत पुरा. त्या भागात गवे फिरतात, उघडी पाइप त्यांच्या पायाखाली चेपते. चढ-उतार जिथं आहे तिथल्या उंचवट्यावर पाइपमध्ये हवा धरते, तिथं हवा सोडायला काहीतरी ठेवा, नाहीतर खाली तोटीला थेंब येणार नाही आणि तुम्ही तासभर गळती शोधत बसाल.

पाणी स्वच्छ दिसतं म्हणजे ते पिण्याजोगं आहे असं नाही, हे तुला सांगायला नको. तरी पाणी तपासायच्या एच-टू-एसच्या बाटल्या घेऊन जा. पाणी भरायचं, उबेला ठेवायची, दुसऱ्या दिवशी बघायची. काळी झाली की पाण्यात घाण आहे. ही बाटली तिथल्या बायकांसमोर भरा आणि त्यांच्यापैकी एकीच्याच घरात ठेवा. चुलीजवळच्या फळीवर काळी झालेली बाटली सकाळी तिनं स्वतः बघितली, की मग तुम्हाला भाषण करावं लागत नाही. टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर, 1000 लिटरला 5 ग्रॅम. पुडी उघडी राहिली तर तिचा जोर जातो. वासाची तक्रार होईल, होणारच. तासभर थांबून प्यायला सांगा. पहिल्या पावसात झरा गढूळ होतो आणि गॅस्ट्रोची साथ तेव्हाच येते, त्यामुळं मे महिन्यात शिकवलेलं जूनमध्ये कुणाच्या लक्षात राहील, ते आताच ठरवा.

आणि खालच्या वाडीला विचारलंय का? एकच झरा वर धरला की खालचा ओहोळ आटतो. उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाकानं बापाच्या विहिरी पुन्हा उकरल्या, मग खोऱ्यात नवी विहीर खणली तर गराराचे गुराखी भांडायला आले, "पाणी आमचं" म्हणून. तो दोनदा सोडून पुढं गेला. तुम्हाला पुढं जायला जागा नाही, म्हणून आधीच जाऊन बोला. झरा वनखात्याच्या हद्दीत असेल तर त्यांची परवानगीही हातात ठेवा.

तुला एक गोष्ट माहीत आहे का? देशभर जो मार्क-2 हापसा दिसतो, त्याचं मूळ आपल्या महाराष्ट्रातल्या मिशनच्या कामात आहे. पूर्वीचे ओतीव लोखंडाचे पंप एका घरापुरते बनवलेले, गावानं दिवसभर मारले की मोडायचे. जालन्याला मिशनच्या लोकांनी पोलादी पंप केला, सोलापूरला तो आणखी सुधारला, आणि 1970 च्या दशकात युनिसेफनं आणि सरकारनं त्याच्यावरून मार्क-2 घडवला. मी 31 वर्षं ज्या साखळीला ग्रीस लावलं, तिच्यामागं ही माणसं आहेत. मोडलेल्या पंपाजवळ वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसालाच असा पंप सुचतो, असं मला वाटतं.

त्या दुपारचा हापसा पुढच्या उन्हाळ्यात बंद पडला. नुसतं वॉशर गेलं होतं. गावात कुणाला ते बदलता येत नव्हतं, आणि ज्यांनी हापसा दिला त्यांच्या नावाचा दगड होता, पण फोन नंबर नव्हता. आमच्यापर्यंत निरोप येईपर्यंत तीन आठवडे बायका पुन्हा ओढ्यावर जात होत्या. म्हणून तुम्ही दगड लावू नका. तो पैसा पान्ह्यांवर घाला. वाड्यावरच्या दोन बायका निवडा, ज्या रोज पाणी आणतात त्याच. जोड कसा काढायचा, पाइप कशी कापायची, तोटीचं वॉशर कसं बदलायचं, ते त्यांच्या हातानं करून घ्या. तू करून दाखवू नकोस, त्यांना करू दे, चुकू दे. चार दिवसांतला एक अख्खा दिवस त्याला दे. पावसाळा संपल्यावर दिवाळीच्या सुट्टीत परत जा, काय मोडलं ते बघायला.

कुणी विचारलं तुम्ही कोण, तर सरळ सांग, ख्रिस्ती आहोत. लपवायचं काही नाही, मी नोकरीभर लपवलं नाही. पाणी देऊन धर्म मागायला आलात का, असंही कुणी विचारेल. रागावू नकोस, त्याला विचारायचा हक्क आहे. नाही म्हणून सांग, आणि तसंच वाग. प्रार्थना आदल्या रात्री करा, पहाटे झऱ्यावर करा, परत येताना गाडीत गीतं गा. पण तोटी सुरू होईल तेव्हा पाण्याच्या आणि त्यांच्या मधे कुणी उभं राहू नका. तोटी त्यांच्यातल्याच कुणालातरी सोडू द्या. तुम्ही बाजूला व्हा.

आईनं शेंगदाण्याची चटणी करून ठेवलीय, भाकरी निघायच्या दिवशी करून देईल. माझी पान्ह्यांची पिशवी मी तेल पुसून खुंटीला अडकवलीय. मोठ्या पान्ह्याच्या दांड्याला फडकं गुंडाळलंय, बायकांच्या हाताला टोचू नये म्हणून. ती पिशवी परत आणू नकोस, तिथंच ठेव.

बाटलीचा रंग काय आला, ते दुसऱ्या दिवशी फोन करून सांग. मी जागा असेन.

तुझे,
पप्पा