पॉवर ऑन करण्याआधी लॉग उचल

सांगली,
रविवार, रात्र

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज दुपारी वाचला, तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. बँकेचा सर्व्हर रिस्टोर होत नाही, पडद्यावर नुसतं ‘टास्क फेल्ड’ येतं आणि साहेब तासातासाला विचारतात, कधी उठणार? फोनच करणार होतो, पण अशा वेळी ऐकलेलं निम्मं विसरतं. कागद समोर असला की ओळीवर बोट ठेवून काम करता येतं, म्हणून लिहितोय.

आधी एक ऐक. ती व्हीएम, म्हणजे बँकेच्या सर्व्हरची आभासी मशीन, आता पुन्हा पॉवर ऑन करू नकोस. तिच्या फोल्डरमध्ये व्हीएमवेअर डॉट लॉग नावाची, मशीनच्या घडामोडींची नोंद ठेवणारी फाईल असते. मशीन चालू करायला गेलं की ती फाईल मागे सरकते, तिच्या नावाला आकडा लागतो आणि नवी कोरी फाईल सुरू होते. मागच्या मोजक्याच राहतात, सगळ्यात जुनी पुसली जाते. ‘बघू या वेळी उठते का’ म्हणून जितक्या वेळा बटण दाबशील, तितकी मूळ घटनेची नोंद मागे जाऊन शेवटी नाहीशी होते. आत्ताच्या आत्ता ते सगळे लॉग दुसरीकडे कॉपी कर. मग हे पत्र पुढे वाच.

हे मी कळकळीने सांगतोय, कारण मी तेच करून बसलो होतो. मागच्या गळीत हंगामात एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याची व्हीएम पहाटे थांबली. बाहेर रस्त्यापर्यंत ऊस भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, काट्यावर हाताने पावत्या लिहिणं चालू, थंडीत कुडकुडणारे ड्रायव्हर. अशा वेळी हात थांबत नाहीत. मी आणि माझ्या कामातल्या जोडीदाराने मिळून ती मशीन पंधरा-वीस वेळा तरी चालू करून पाहिली. आधीच्या एकोणीस रात्रींत काय बिघडत गेलं हे ज्या फाईलमध्ये लिहिलेलं होतं, ती आम्हीच आमच्या हाताने घालवली. त्याची चुटपुट अजून आहे.

डेटास्टोअर, म्हणजे मशीनच्या फाईली राहतात ती डिस्कवरची जागा, भरला होता, हे लगेच कळलं. चालू होताना मशीनला जवळपास मेमरीएवढी स्वॅप फाईल लागते, तिलाही जागा नव्हती. त्याच डेटास्टोअरवर बॅकअपमधून रिस्टोर करायला गेलो, तर तेही जागेअभावी पडलं. पण जागा खाल्ली कोणी? स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची त्या क्षणाची गोठवलेली अवस्था. त्यांची यादी दाखवणारा मॅनेजर उघडला तर एकही स्नॅपशॉट नाही. फोल्डर उघडला तर 000001 पासून 000019 पर्यंत डेल्टा फाईली, स्नॅपशॉटनंतरचे बदल साठवणाऱ्या, रांगेत उभ्या! एका साखळीत 32 च्या पुढे चालत नाही आणि खरं तर दोन-तीनच्या वर जाऊच नये. म्हणजे रोज रात्री बॅकअप स्नॅपशॉट काढत होता, संपल्यावर यादीतून नाव जात होतं, पण डेल्टा मूळ डिस्कमध्ये मिसळतच नव्हता. आणि जॉबचा रिपोर्ट रोज पिवळा येत होता, ‘यशस्वी, पण इशारा’. यशस्वी हा शब्द वाचून आम्ही पुढे जात होतो.

साखळी एकत्र करायला गेलो तर उत्तर आलं, फाईल लॉक आहे. इथून पुढचा भाग तुला नीट सांगतो, तुझ्याही उपयोगाचा आहे. होस्टच्या, म्हणजे ज्या खऱ्या सर्व्हरवर व्हीएम चालतात त्याच्या, शेलमध्ये (कमांड टाइप करतो तिथे) व्हीएमकेएफएसटूल्स ही कमांड मोठ्या डी पर्यायासह डिस्कचा डेटा असलेल्या त्या फ्लॅट फाईलवर चालवली की लॉकची माहिती मिळते. त्यात ओनर म्हणून एक लांबलचक आकडा असतो. त्याचे शेवटचे बारा अंक-अक्षरं म्हणजे ज्या होस्टने फाईल धरली आहे त्याच्या नेटवर्क कार्डाचा मॅक ॲड्रेस. आमची व्हीएम पहिल्या होस्टवर, आणि मॅक निघाला दुसऱ्याचा. त्या दुसऱ्या होस्टवर होती बॅकअपसाठी डेटा वाचणारी प्रॉक्सी मशीन. तिच्या सेटिंगमध्ये पाहिलं, तर काट्याच्या सर्व्हरची डिस्क तिला जोडलेली. बॅकअप हॉटॲड पद्धतीने चालत होता. त्यात ज्याचा बॅकअप घ्यायचा त्याची मूळ डिस्क प्रॉक्सीला तात्पुरती जोडतात आणि काम झालं की सोडतात. ती कधीतरी सुटलीच नव्हती. मूळ डिस्क धरून ठेवलेली, मग डेल्टा तिच्यात मिसळणार कसा?

कधीपासून, हे शोधायला बॅकअप सर्व्हरचे जुने लॉग कामी आले. पहिला पिवळा रिपोर्ट ज्या रात्रीचा, त्या रात्री 01:06 ला डिस्क जोडली आणि 01:12 नंतर त्या जॉबची प्रॉक्सीकडून एकही नोंद नाही. प्रॉक्सीच्या विंडोज इव्हेंट लॉगमध्ये त्याच मिनिटाला 1074 क्रमांकाची नोंद होती, म्हणजे ठरवून केलेला रीस्टार्ट. अपडेटनंतर आपोआप रीस्टार्ट होण्याची वेळ आम्हीच बॅकअपच्या वेळेवर ठेवली होती. एकोणीस रात्रींमागे ही एवढीच गोष्ट. डेटास्टोअर भरणं, स्वॅप, लॉक, फसलेला रिस्टोर हे सगळं त्याच्या मागून आलेलं. म्हणून पडद्यावरच्या चुकीवर अडकू नकोस. तिथून वर वर वाचत जा, पहिली वाकडी ओळ सापडेपर्यंत.

डिस्क सोडवताना हात खरंच थरथरत होता. प्रॉक्सीमधून डिस्क काढताना ‘डेटास्टोअरवरच्या फाईलीही पुसा’ असा एक चौकोन असतो. त्यावर टिक पडली असती तर हंगामाच्या सगळ्या वजनांच्या नोंदी गेल्या असत्या. दोघांनी मोठ्याने वाचून मग ओके दाबलं. जुन्या टेस्ट मशीनच्या फाईली हलवून जागा केली, साखळी एकत्र केली आणि दुपारी काटा पुन्हा सुरू झाला.

वेळेचा एक घोळ तुझाही होईल. होस्टवर चालणाऱ्या ईएसएक्सआयचे लॉग यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात, ओळीत वेळेच्या शेवटी झेड दिसतो. तुझ्या बॅकअप सर्व्हरवर भारतीय वेळ. साडेपाच तास वजा करायचे आणि पहाटे साडेपाचच्या आधीची वेळ असेल तर तारीखही आदल्या दिवसाची धरायची. रात्री 01:20 ची चूक होस्टवर आदल्या तारखेच्या 19:50 ला शोध. मी 01:20 खालीच शोधत बसलो होतो आणि होस्टवर काहीच घडलं नाही असं समजून दीड तास घालवला. आणि ‘एरर’ शब्द टाकून शोधू नकोस, रोजच्या निरुपद्रवी ओळीच हजारोंनी येतील. एका टास्कचा ऑप-आयडी, म्हणजे त्या कामाची ओळखखूण, धर. तो सगळे होस्ट सांभाळणाऱ्या व्हीसेंटरच्या व्हीपीएक्सडी लॉगमध्ये आणि होस्टच्या होस्टडी लॉगमध्ये सोबत चालतो, त्याच्या मागोमाग जा.

तुझा होस्ट एसडी कार्डवरून बूट होत असेल तर तेही तपास. स्क्रॅचची, म्हणजे लॉग ठेवायची, जागा नीट दिलेली नसेल तर लॉग मेमरीतच राहतात, रीस्टार्ट केला की गेले. आमच्याकडे तसंच होतं, म्हणून होस्टवर पहिल्या रात्रीचं काही उरलं नव्हतं. आता सगळे होस्ट लॉग गोळा करणाऱ्या एका सिसलॉग सर्व्हरवर लिहितात.

आता तुझं. तू म्हणतोस जॉब सुरू होतो, व्हीएमचं नाव दिसतं आणि काही क्षणांत पडतो. मला वाटतं व्हीसेंटरशी बोलणं 443 पोर्टवरून नीट होतंय, पण डेटा एनबीडीने, म्हणजे नेटवर्कमार्गे, थेट होस्टकडे 902 पोर्टवरून जातो आणि तिथे काहीतरी अडतंय. फायरवॉल असेल, किंवा बॅकअप सर्व्हरला होस्टचं नावच सापडत नसेल. नुसत्या लॉगमध्ये हे कळणार नाही, यासाठी ट्रेस, म्हणजे प्रत्येक पायरीची बारीक नोंद, लागेल. व्हीडीडीकेच्या, म्हणजे बॅकअप ज्या व्हीएमवेअरच्या लायब्ररीने डिस्क वाचतो-लिहितो तिच्या, कॉन्फिग फाईलमध्ये ट्रान्सपोर्टची लॉग पातळी 6 कर, एकाच व्हीएमचा रिस्टोर एकदाच चालव, तेही नव्या नावाने, मूळ मशीनवर नको. कोणती पद्धत आधी धरली, कुठे सोडली, कोणत्या पत्त्यावर थांबली, सगळं ओळीने येईल. झालं की पातळी लगेच खाली आण, ट्रेस फार वेगाने डिस्क भरतो.

मग मला तीन गोष्टी पाठव: त्या ट्रेसची फाईल, त्याच वेळेचा होस्टडी लॉग, आणि पहिल्यांदा फसलेल्या जॉबचा लॉग, कालचा नव्हे. पाठवण्याआधी सर्व्हरची नावं, आयपी आणि युजर झाकून घे, बँकेचं काम आहे. उद्या रात्री दहानंतर मी मोकळा आहे, आपण दोघं मिळून ओळ-ओळ वाचू. आणि आज जेवून घे, वहिनी सांगत होत्या की दुपारपासून तू चहावरच आहेस.

तुझाच